शिफारसपत्र मिळाल्यानंतरची आचारसंहिता
(कोहमारा व पंचक्रोशीतील होतकरूंसाठी)

१. आभार कोणाचे? परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाला सहसा दोन-तीन शिफारसपत्रे लागतात. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." म्हणजे 'अत्यंत प्रतिभावान, विनयशील' वगैरे तुम्हीच स्वतःला म्हटलेले असते. तरीही आभार सरांचेच मानावेत. ते वाचूनही त्यांनी सही केली, हे काय कमी आहे?

२. कधी? लगेच. अपलोड होईपर्यंत रोज तीनदा "सर, झालं का जी?" विचारणारा विद्यार्थी नंतर गडप होतो. नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ तरी कधीमधी दर्शन देतो.

३. कुठे? कोहमाऱ्याच्या टी-पॉइंटवर चालत्या गाडीवरून ओरडलेले "थँक्यू सर" बाद समजावे. मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या ट्रकांपुढे सरांना त्यातले फक्त "सर" ऐकू येते आणि ते बाजूला सरतात.

४. काय द्यावे? पत्राआधी दिली ती लाच, नंतर दिली ती कृतज्ञता, वस्तू तीच. शाल नको, सरांचे कपाट भरले आहे. अर्जांच्या मुदती बऱ्याचदा धान निघण्याच्या सुमारासच संपतात. तेव्हा घरचा नवा तांदूळ न्यावा.

५. काय चालणार नाही? ५ सप्टेंबरला दीडशे जणांना एकदम पाठवलेला गुलाब. ते ठोक आभार झाले. इथे किरकोळीचा व्यवहार आहे.

६. आदर्श नमुना. केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमराव आंबेडकरांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या प्रबंधाचे १९२५ मध्ये पुस्तक झाले. अर्पण केले सयाजीरावांना, प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी. आभार असे मानावेत. तितके जमेपर्यंत पेढे चालतील.

७. सर्वांत दुर्लक्षित कलम: निकाल कळवा. आपल्या सहीचे पुढे काय झाले, एवढेच सरांना हवे असते. आणि तेवढेच त्यांना तिसऱ्याकडून, तेही चहाच्या टपरीवर कळते. निवड झाली तर घरी जाऊन सांगा. नकार आला तर त्याच दिवशी सांगा. सर म्हणतील, "पुढच्या वर्षी भर." पत्राची फाइल तुमच्याकडेच आहे. तारीख बदला, 'चिकाटी' हा गुण वाढवा. यंदा तो खरा असेल.