पायी जवळच

घोडपदेवला घोडपदेव नावाचं स्टेशन नाही. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आमच्याकडे देव आहे, देवाच्या नावाची अख्खी वस्ती आहे. पण रेल्वेने रे रोड, कॉटन ग्रीन आणि भायखळा अशी तीन स्टेशनं आमच्या आजूबाजूला मांडली आणि मधे आम्हांला तसंच सोडून दिलं. तिन्ही स्टेशनं ‘पायी जवळच’ आहेत. किती जवळ, ते सांगणाऱ्याच्या वयावर आणि ऐकणाऱ्याच्या हातातल्या पिशव्यांवर ठरतं.

माझी भाची यंदा एसएनडीटीत जाते. कॉलेजच्या वार्षिकासाठी तिला विद्यापीठ चालवणाऱ्या कुणा मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची होती. प्रश्न ठरलेले: आपल्या कारकिर्दीवर कोणाचा प्रभाव पडला? या कामाची गोडी कशी लागली? सराव म्हणून तिने ते आमच्याच मजल्यावर वाचून दाखवले. शेजारचे तात्या गॅलरीत पेपर वाचत होते.

“कोणाला विचारणार म्हणालीस?”

“कुलगुरूंना.”

“कुठल्या कुळाच्या?” तात्यांनी चष्मा वर केला. “आमचं कुलदैवत जेजुरीला. गुरू काही कुणी नेमलेला नाही.”

खरं सांगायचं तर त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. आधी आईवडील, मग गुरुजन, मग विवेकानंद. वेळ उरला तर पत्नीची साथ. यातलं काही खोटं नसतं, पण सत्कारातल्या शालीसारखं ते कुणाच्याही खांद्यावर बसतं. मी भाचीला म्हटलं, तुझं विद्यापीठ ज्यांनी काढलं त्या धोंडो केशव कर्व्यांना हा प्रश्न विचारला असता तर गंमत आली असती. त्यांच्यावर प्रभाव पाडणाऱ्यांत एक पार्सल होतं.

पार्सलाच्या आधी एक पायपीट आहे. कोकणातल्या मुरुडचा हा मुलगा. गावात सोमण गुरुजी होते. पोरांकडून देवळात मोठ्याने वर्तमानपत्र वाचून घ्यावं आणि गावाने ऐकावं, असा त्यांचा खाक्या. शिक्षकाने वर्गाबाहेर काय करायचं असतं, हे मुलाला तिथे दिसलं असणार. पुढे परीक्षेला बसायचं तर सातारा गाठायला हवा. पावसाळ्याचे दिवस, मधे सह्याद्री. मुरुड ते सातारा सुमारे ११० मैल. कर्वे सोबत्यांबरोबर निघाले आणि चार दिवसांत चालत पोचले. तिथे साहेबाने नखशिखान्त पाहिलं आणि म्हटलं, हा तर पोरगाच दिसतो, याचं वय भरत नाही. बसूच दिलं नाही. आता ११० मैल परत.

दुसरा कुणी असता तर त्याने चालणंच सोडलं असतं. कर्व्यांना मात्र चालायची खोडच लागली. १८८४ साली बी. ए. झाले, मुंबईत मुलींच्या शाळांतून गणित शिकवलं, १८९१ साली पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे गावाबाहेर हिंगण्याला नेला. मग दिवसभर कॉलेजात गणित आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगणे. पायी जवळच.

तर ते पार्सल. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली होती. त्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. आपल्या घरीही अशी एक फळी असते, ‘नंतर वाचू’ची. फरक इतकाच, की १९१५च्या डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, भाषणाची जुळवाजुळव करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली, आणि पुढच्याच वर्षी महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेव्हा त्यांचं वय होतं ५८. आमच्याकडे या वयात हापिसातून नारळ आणि घड्याळ मिळतं.

आणखी एक बघा. विद्यापीठ यांनी काढलं. पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे. हे परांजपे कर्व्यांचे नात्यातले, त्यांनीच शिकायला आणलेले. आणि कर्वे स्वतः? वर्गणी गोळा करत फिरत होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. ठाकरसी गिरणीमालक. म्हणजे आमच्या गिरणगावातल्या कुणाची तरी रात्रपाळी त्या पंधरा लाखांत असणारच, असा तात्यांचा हिशेब. मला तो मान्य आहे.

अशा माणसांविषयी बोलताना आपण लगेच ‘त्याग’ म्हणतो. मला तो शब्द संशयास्पद वाटतो. एखाद्याला त्याचं काम मनापासून आवडतं, यावर आपला विश्वास बसत नाही, म्हणून आपण त्याला त्यागी ठरवून मोकळे होतो. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. त्याग करणारा माणूस इतका प्रवास करत नाही. मजा येत असली तरच करतो. १०४ वर्षं जगले, त्यातही या मजेचा थोडा वाटा असावा. (चालण्याचा आहेच, असं डॉक्टर म्हणतील. ते मलाही तेच सांगतात. मी रिक्षा शोधतो. ती या भागात मिळत नाही.)

हे सगळं ऐकून भाचीने वहीत ‘पार्सल’ एवढंच लिहिलं आणि मोर्चा तात्यांकडे वळवला. तात्यांची उभी हयात कापड गिरणीच्या साचेखात्यात गेली. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण अजून घरात कुणी नवा कपडा आणला की ते न विचारता त्याचं टोक चिमटीत धरतात, बोटांवर फिरवतात आणि निकाल देतात. दिवाळीत भाचीच्या ड्रेसला त्यांनी नापास केलं होतं.

“तात्या, तुमच्यावर कोणाचा प्रभाव?”

“जॉबरचा. माणसं तोच कामाला लावायचा. त्याचा नसेल तर बदलीवरच मरायचं.”

“आणि कामाची गोडी कशी लागली?”

तात्यांनी पेपराची घडी घातली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साचा सुरू झाला की पायाखालची जमीन थरथरायची. ती पायांना बरी वाटायची.” आणि लगेच, “हे लिहू नकोस.”

तिने लिहिलं. मग घड्याळ पाहून ती उठली. सीएसएमटीची गाडी गाठायची होती, तिथून पुढे कॉलेजपर्यंत चालत. तात्यांनी चपला सरकवल्या. “चल, रे रोडपर्यंत येतो.”

“तात्या, गुडघे?”

“पायी जवळच तर आहे,” म्हणत ते जिना उतरू लागले, कठडा धरून, एकेक पायरी.