कुंपणापलीकडची कढई

"वहिनी, धरा ह्या मुनग्याच्या शेंगा. काल दुपारी तुम्ही हाका मारल्या नसत्या, तर आमचं काही खरं नव्हतं."

"अगबाई! मी तर माझी कढई मागत होते. झालं काय?"

"आमच्या ह्यांना अटक झाली होती."

"काय सांगता!"

"फोनवर हो! म्हणे मुंबई क्राइम ब्रँच. व्हिडिओत खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. तुमच्या आधार कार्डावर पार्सल आलंय, त्यात ड्रग्ज. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात बोलायचं नाही. दीड तास हे बसलेले, वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी!"

"काका? स्टील प्लांटच्या भट्टीपाशी नोकरी काढलेले?"

"भट्टीपाशी आला नसेल तेवढा घाम काल आला. एफडी मोडा, पैसे रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाका, तपास झाला की परत, असं चाललेलं. तुमची हाक ऐकून मी कढई शोधत आत गेले, तर हे ओठांवर बोट ठेवून! चाळीस वर्षांत ह्यांच्या पोटात एक गोष्ट राहिली नाही. मला तिथंच संशय आला."

"मग?"

"फोन ओढून घेतला. म्हटलं, वॉरंट घेऊन दारात या, तोवर मी भिलाई नगर ठाण्यात विचारते. कट!"

"काकांना हसू नका हं. 2024 मध्ये वर्धमान ह्या कापड कंपनीच्या ओसवालांना ह्याच पद्धतीनं 7 कोटींना गंडवलं. खोटं सुप्रीम कोर्ट भरवलं, खोटे सरन्यायाधीशसुद्धा बसवले!"

"बाई गं!"

"कायद्यात डिजिटल अरेस्ट हा प्रकारच नाही. त्याच साली ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही सांगितलं होतं."

"आणि पैसे गेलेच असते तर?"

"तर त्याच मिनिटाला सायबर हेल्पलाइनचा 1930 लावायचा. पैसा ह्या खात्यातून त्या खात्यात पळत असतो. लवकर कळलं तर बँक वाटेत अडवू शकते. लाजेपायी रात्र काढली की हातचा गेला. त्या चोराचा नंबर कळवलात का?"

"पोरानं रात्रीच सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर टाकला. पण हे म्हणतात, शेजारी सांगू नको, लाज वाटते."

"बघा, चोरही तेच म्हणत होता, कोणाला सांगू नका!"

"म्हणून तर सकाळीच कुंपणाशी आले. आता स्ट्रीटच्या टोकाच्या बंगाली बौदींना सांगते, त्या घरी एकट्याच असतात. आणि ही तुमची कढई. पुढच्या आठवड्यात परत मागेन, तुम्ही मात्र हाका मारत राहा!"