मनातला आकडा

आम्ही बडोद्याच्या घडियाळी पोळीत राहतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात, "तुपाशी का?" पोळ म्हणजे दरवाजाची गल्ली, हे त्यांना तीन पिढ्या पटलेलं नाही. पोळीत सोनारांची दुकानं खेटून. काकू बांगड्या करायला निघाल्या की घडणावळ विचारत चार दुकानं हिंडायच्या आणि पाचव्याच्या पायरीवरून परत फिरायच्या. "अजून एक बघितलं असतं तर?" "दहा रुपये वाचले असते, गुडघे गेले असते."

जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली हाच हिशेब बाजारभावाला लावला आणि पुढच्याच वर्षी नोकरीला. काकूंना विचारलं असतं तर मधलं वर्ष वाचलं असतं. मग १९७० मध्ये जॉन मॅकॉलनं दाखवलं, की नोकरी शोधणाऱ्याच्या मनात एक आकडा असतो. पगार त्याच्या खाली असेल तर नाही म्हणायचं. घरी बसून वाट बघणं जितकं परवडतं, तितका आकडा वर. माझा धाकटा भाऊ बी.कॉम. होऊन ओट्यावर बसला, तेव्हा त्याचा आकडा बराच चढा होता. वडिलांची निवृत्ती जवळ आली तसा तो आपोआप उतरला. शेवटी जी नोकरी मिळाली, ती 'माझ्या मनातलीच' असं तो आजही सांगतो.

बडोद्यातल्या सर्वांत प्रसिद्ध उमेदवाराला मात्र स्वतःचा आकडाच ठाऊक नव्हता. अरविंद घोष. केंब्रिजचे, आय.सी.एस.ची लेखी परीक्षा पास, पण घोडेस्वारीच्या चाचणीत नापास ठरवलेले. बडोद्याचे महाराज सयाजीराव तेव्हा लंडनमध्ये होते. मागायचं किती, म्हणून एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, महिना दोनशे मागा, एकशेतीसलाही हो म्हणा. बोलणी थोरल्या भावानं आणि ओळखीच्या जेम्स कॉटननं केली, ठरले दोनशे. मग महाराज ज्याला त्याला सांगत सुटले, की दोनशे रुपयांत सिव्हिल सर्व्हिसचा माणूस मिळाला! कॉटननं तरी जाणायला हवं होतं, असं अरविंदबाबूंनी पुढे म्हटलं.

१८९३ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. १९०६ मध्ये बडोद्याची बऱ्याच मोठ्या पगाराची नोकरी सोडून कलकत्त्याच्या राष्ट्रीय कॉलेजात दीडशेवर गेले, तेव्हा मॅकॉलचं गणित कुठे लावायचं ते मला कळत नाही.

काकूंना ही गोष्ट सांगितली. त्यांनी दीडशेकडे लक्षच दिलं नाही. म्हणाल्या, "चांगले शिकलेले ना? मग एकाच दुकानात कसे शिरले?"