मामाच्या कोपराचा एक मार्क

आजारी माणूस कसा दिसावा, याबद्दल नाशिकच्या सातपूरमध्ये ठाम मतं आहेत. त्याला प्लास्टर असावं, निदान क्रेप बँडेज तरी असावं. तेही नसेल तर चेहरा इतका उतरलेला असावा, की भेटायला येणाऱ्याला डझनभर केळी आणल्याचं समाधान मिळेल. ही कारखान्यांची वस्ती आहे. व्हर्नियरने मोजता येतो तो दोष, बाकीचा सगळा कामचुकारपणा.

अशा ठिकाणी एखाद्याला सोरायटिक आर्थ्रायटिस झाला आणि अंगावर सोरायसिसचा एक ठिपकाही नसला, तर त्याने तोंड कुठे दाखवायचं? मुळात दाखवायचं तरी काय? (असे सातपूरकर एकाहून जास्त असणार. इथे सगळ्यांचा मिळून एकच केला आहे आणि त्याला नुसतं सातपूरकर म्हटलं आहे.)

सोरायसिस बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. शरीराची प्रतिकारशक्ती घरच्याच माणसांवर धावून जाते, त्वचेच्या पेशी नको तितक्या घाईने तयार होतात, आणि कोपर, गुडघे, डोकं अशा ठिकाणी लाल चट्टे आणि त्यावर पांढरे पापुद्रे येतात. तोच गोंधळ सांध्यांत शिरला की सोरायटिक आर्थ्रायटिस. बहुतेकांना आधी चट्टे येतात आणि काही वर्षांनी सांधे धरतात. पण सुमारे 15 टक्के रुग्णांमध्ये सांधे रांग मोडून पुढे घुसतात. चट्टे मागाहून येतात, आणि काहींच्या बाबतीत येतच नाहीत.

सातपूरकराची सुरुवात टाचेपासून झाली. या आजाराला स्नायू आणि हाड यांच्या जोडाची जागा फार आवडते, आणि पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला येऊन चिकटतो ती तर खासच. पण टाचदुखी ही काय डॉक्टरकडे घेऊन जायची गोष्ट आहे? अशोकनगरच्या मेडिकलवाल्याने सिलिकॉनचे पॅड दिले, शेजाऱ्याने चप्पल बदलायला सांगितली, आणि आईने विटेचा तुकडा तापवून शेकायला दिला. मग पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून वेलची केळ्यासारखं झालं. हा तर या आजाराचा गाजलेला पुरावा, पुस्तकात फोटो छापतात तसा. पण सातपूरकराचं हे वैभव दिवसभर सेफ्टी शूजच्या आत असायचं, आणि शॉपवर शूज काढले तर सेफ्टी ऑफिसर मेमो देणार.

नखांचंही तेच. नखांवर बारीक बारीक खळगे पडले होते, दोन नखं टोकाकडून सुटायला लागली होती. सांधेदुखीच्या डॉक्टरला असं नख दिसलं की त्याचे डोळे लकाकतात. पण बाकी सगळे म्हणाले, “ऑइलमध्ये हात घालणाऱ्याची नखं अशीच राहतात भो.”

खरी अब्रू गेली ती सकाळी. झिजेच्या गुडघेदुखीत माणूस चालून थकला की दुखतं आणि बसला की बरं वाटतं. ते सगळ्यांना समजतं, कारण त्यात न्याय आहे. या सुजेच्या सांधेदुखीचं नेमकं उलटं. रात्रभर विश्रांती घ्यावी तर सकाळी अंग लाकूड झालेलं. मूठ वळत नाही, पेस्टचं झाकण फिरत नाही, आणि हे तास-दीड तास चालतं. हालचाल सुरू झाली की सांधे हळूहळू मोकळे होतात. म्हणजे पहिल्या पाळीला गेटवर येतो तेव्हा सातपूरकर भिंतीला धरून चालतो, आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या रांगेत ताठ उभा असतो. सुपरवायझरने या दोन दृश्यांवरून काढायचा तो निष्कर्ष काढला. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तोच काढला असता.

पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या दिंड्या सातपूरवरून त्र्यंबक रोडने जातात. सातपूरकर एका दिंडीबरोबर पिंपळगाव बहुल्यापर्यंत चालला. अगदी छान चालला, टाळही वाजवले. बायकोने शेजारणीला सांगितलंसुद्धा की माउलींची कृपा झाली. मग चहासाठी सतरंजीवर मांडी घालून बसला तो उठेचना. थंडीत शरीराने पुन्हा संप पुकारला होता. शेवटी सत्तरीच्या दोन वारकरी आज्यांनी दोन बाजूंनी बखोटं धरून त्याला उभा केला, आणि एकीने विचारलं, “पोरा, जेवतोस ना नीट?”

आता तपासण्या. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं निघालं. सोरायसिसच्या गोतावळ्यात ते पुष्कळदा वाढलेलं असतं, पण वाढलेलं युरिक अ‍ॅसिड म्हणजे गाऊट हे आता प्रत्येक घराला पाठ आहे. लगेच तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. वातूळ म्हणून बटाटा आणि वांगंही गेलं. एका काकांनी हे सगळं चिकुनगुन्याचं आहे असा निकाल दिला. 2006 साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली. तेव्हापासून कुठल्याही सांध्याचा आळ आधी त्या डासावर येतो. एकाने पुडीचं औषध आणून दिलं, तीन दिवसांत उड्या मारशील म्हणाला. इथे मात्र चेष्टा बाजूला ठेवावी लागते. बिनानावाच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. सोरायसिसच्या जातीच्या आजारात स्टेरॉइड घेऊन अचानक थांबवलं तर आजार उसळून येऊ शकतो, कधी अंगभर पू भरलेल्या फोडांसकट. सातपूरकराने पुडी घेतली नाही ती शहाणपणाने नव्हे. वास सहन झाला नाही म्हणून.

मग ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर तपासला. निगेटिव्ह. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. “रिपोर्ट नॉर्मल आहे, आता मनातून काढून टाक,” असं वडील म्हणाले. रिपोर्ट नॉर्मल येणं हीच या आजाराची एक खूण आहे, हे वडिलांना समजावून सांगणं सातपूरकराला आजतागायत जमलेलं नाही. या आजाराची एकच एक पक्की रक्ततपासणी नाही. सूज मोजणाऱ्या चाचण्यासुद्धा पुष्कळांच्या साध्या येतात.

सांधेदुखीच्या तज्ज्ञांपर्यंत पोचायला जो वेळ लागला तो लागलाच. तिथे त्याला कळलं की या आजारात मार्क मोजतात. 1973 साली इंग्लंडमधल्या मॉल आणि राइट या डॉक्टरांनी जी व्याख्या केली तिच्यात सोरायसिस असणं गरजेचंच होतं. चट्टा नाही तर प्रवेश नाही. 2006 साली कॅस्पर नावाचे नवे निकष आले आणि नियम सैल झाले. सांध्यात, मणक्यात किंवा त्या स्नायूंच्या जोडांत सूज हवी, आणि त्यावर तीन मार्क मिळवायचे. अंगावर आज सोरायसिस असेल तर दोन. पूर्वी होऊन गेला असेल, किंवा घराण्यात असेल, तर एक. नखांचा एक, सुजलेल्या बोटाचा एक, निगेटिव्ह रिपोर्टचा एक, एक्स-रेमध्ये सांध्याजवळ नवीन हाड दिसलं तर एक. मुळात हे मोजमाप संशोधनासाठी केलेलं. पण डॉक्टरांना निदान करताना त्याचा आधार होतोच.

सातपूरकराचं बोट, नखं आणि रिपोर्ट मिळून तीन मार्क झाले होते. तो पास होता. तरीही डॉक्टरांनी सहज विचारलं, “घरात कोणाला सोरायसिस?” आणि शेजारी बसलेली आई ताडकन म्हणाली, “आमच्यात नाही हो असलं काही!”

या वाक्यामुळे महाराष्ट्रातले किती कौटुंबिक इतिहास अर्धवट राहिले असतील कोण जाणे. लग्नं जमवणाऱ्या समाजात त्वचा ही खासगी मालमत्ता नसते, ती घराण्याच्या सातबाऱ्यावर असते. आणि कॅस्परला नेमका तोच सातबारा हवा असतो. त्यातही नाती मोजून घेतात. आई-वडील, भावंडं, मुलं चालतात, आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी चालतात. चुलतभाऊ आणि मामेभाऊ चालत नाहीत, त्यांचे चट्टे त्यांच्यापाशी. सातपूरकराला मामा आठवला. सिन्नरचा मामा मे महिन्यातही फुल बाह्यांचा शर्ट घालतो, आणि लोक त्याला टापटीप म्हणतात.

फोनवर मामाने बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, “आहे रे दोन्ही कोपरांना. वीस वर्षं झाली. पण तुझ्या मावशीला बोलू नकोस, ती गावभर करेल.” सातपूरकराने नुसती खात्री करावी म्हणून मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, “माझ्या डोक्यात आहे, केसांखाली. पण मामाला कळू देऊ नकोस हं, त्याच्या पोटात काही राहत नाही.” दोघं भाऊबहीण दर राखीपौर्णिमेला समोरासमोर बसतात. एक बाह्या उतरवून, दुसरी पदर डोक्यावरून घेऊन. एवढं करून नियमाप्रमाणे मार्क एकच. दोघांचे मिळून दोन देत नाहीत.

औषध सुरू झालं, मेथोट्रेक्झेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, बेतलेलंही आहे. 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी या चुकीसाठी खास सूचना काढल्या. युरोपीय माणसाला ‘आठवड्यातून एकदा’ इतकं जड का जातं, हे मराठी घराला कळणार नाही. इथे सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवार मोकळाच होता, तो मेथोट्रेक्झेटला दिला. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, म्हणजे आदल्या दिवशीच्या व्रताचं पारणं. या दोन्ही गोळ्यांच्या मुळाशी एकाच भारतीय माणसाचं नाव आहे. आंध्रातून अमेरिकेला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. लेडर्ले कंपनीतल्या त्यांच्या चमूने आधी फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि मग त्याच्या कामात खो घालणारी औषधं. 1948 साली त्यातलं एक रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवर उपयोगी पडलं. सोरायसिस आणि सांध्यांवर ते चालतं हे 1951 साली दिसलं.

या इतिहासातला एकच शब्द मेडिकलच्या दुकानातून गल्लीत पोचला. कॅन्सर. कॅन्सरच्या मानाने सातपूरकराचा डोस अगदी चिमूटभर असतो, हा भाग वाटेत गळाला. त्या संध्याकाळी त्याच्या घरी पहिल्यांदा केळी आली. तीन डझन. सुपरवायझर स्वतः आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “लाइट ड्यूटी देऊ आपण.” सातपूरकराने खरं काय ते सांगितलं. सांगायला नको होतं असं त्याच्या बायकोचं मत आहे.

या औषधात यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात आणि दारूला आवर घालावा लागतो. राहणं सातपूरला, आणि इथून हाकेच्या अंतरावर गंगापूरच्या बाजूला द्राक्षांचे मळे आणि वाइनरी. मुंबईहून पाहुणे फक्त त्यासाठी येतात. सातपूरकर त्यांना तिथे घेऊन जातो, सोडावॉटर पितो, आणि गाडी चालवायची आहे असं सांगतो. आजाराचं कारण दिलं तर पाहुणे नखशिखांत न्याहाळतात.

बसमधल्या राखीव जागेचा प्रश्न तर सुटण्यातला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार मोजले आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही. हालचालीचं अपंगत्व टक्क्यांत मोजून घ्यायचं, आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात. पण सातपूरकराचे टक्के सकाळी सातला वेगळे आणि दुपारी एकला वेगळे, बोर्डाने कुठले धरायचे? लंडनमध्ये 2017 पासून ‘कृपया मला जागा द्या’ असा बिल्ला मिळतो. न दिसणाऱ्या आजाराच्या माणसाने तो लावायचा, कोणी कारण विचारत नाही. कल्पना छान आहे. नाशिकमध्ये मात्र छातीवर बिल्ला दिसला की लोक आधी पक्ष विचारतील.

अमेरिकेचा गोल्फपटू फिल मिकेलसन याला 2010 साली हाच आजार निघाला. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर सकाळी त्याला अंथरुणातून उठवेना. उपचार घेऊन त्याने 2013 ला ब्रिटिश ओपन जिंकली आणि 2021 ला, वयाच्या पन्नाशीत, पीजीए अजिंक्यपद. सातपूरकराने हे उदाहरण मित्रांना सांगितलं. नाशिककरांच्या लेखी गोल्फ क्लब म्हणजे ते मैदान जिथे गोल्फ सोडून सगळं होतं. मित्र म्हणाले, “मग तूही रोज सकाळी गोल्फ क्लबवर चालायला येत जा.” तो जातो. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याला आजोबा मंडळी ओलांडून पुढे जातात, तिसऱ्या फेरीपासून तो त्यांना ओलांडतो. आजोबांना वाटतं, पहिल्या दोन फेऱ्या हा नाटक करतो.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोहिमेचा भाग म्हणून. सुमारे 18 टक्के प्रौढांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं निघालं. त्यात सगळे प्रकार आले, झिजेचे, सुजेचे, अंगमेहनतीचे. पद्धत अगदी साधी होती. दारात उभं राहून आधी विचारायचं, दुखतं का? कुठे दुखतं? सातपूरकराला हे वाचून भिगवणच्या लोकांचा चक्क हेवा वाटला.

गेल्या दिवाळीच्या आधी कामगारनगरच्या सलूनमध्ये कारागिराने त्याच्या कानामागचे केस उचलले आणि म्हणाला, “साहेब, कोंडा फार वाढलाय, लिंबू चोळा.” सातपूरकराने दोन आरसे लावून पाहिलं. लाल, कडा स्पष्ट, वर पांढरा पापुद्रा. मामाच्या एका मार्काऐवजी स्वतःचे दोन! त्याला इतका आनंद झाला की त्याने कारागिराला वर वीस रुपये दिले आणि याचं नाव सोरायसिस आहे असं सांगितलं. कारागिराने नोट घेतली, आणि कंगवा डेटॉलच्या पाण्यात बुडवला. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे ऐकायला शेजारच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईकही थांबलं नाही.

घरी आल्यावर त्याने आईला कान दाखवला. आईने चष्मा लावून नीट पाहिलं, दार लोटून घेतलं, आणि म्हणाली, “हे बघ, धाकटीचं जमेपर्यंत केस जरा लांबच राहू दे.”