झाड कुणाचं, पाटी कुणाची?

गाव सुंदर करायचं मनावर घेतलेल्या मुळशीतल्या पिरंगुटकरांनी आधी संस्था काढावी. संस्थेविना लावलेलं झाड हे नुसतंच झाड. त्यात अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि मार्गदर्शक यांची सोय होत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की लेटरहेड छापावं आणि ग्रामपंचायतीत आवक क्रमांक पाडून घ्यावा. झाली ग्रामपंचायतीशी भागीदारी!

मग जागा. घाट उतरलं की पौड रस्त्याच्या कडेला जागाच जागा दिसते. ती कुणाची, हे मात्र विचारू नये. रस्ता एका खात्याचा, वरच्या तारा महावितरणच्या, आराखडा 2015 साली आलेल्या पीएमआरडीए या विकास प्राधिकरणाचा. ग्रामपंचायतीच्या वाट्याला निर्विवादपणे येतो तो कचरा.

पैशांची काळजी नसावी. आसपास कारखाने आहेत आणि 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चायला लावलं आहे. कंपनीच्या साहेबांना दोनच गोष्टी लागतात: फोटो आणि 31 मार्चच्या आतलं बिल. म्हणून वृक्षारोपण भर उन्हात उरकावं. मुळशीचा पाऊस जूनमध्ये येतो. रोपांनी तोवर दम धरावा.

कार्यक्रमाला खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवावेत. एका रोपाला किमान आठ हात लागले पाहिजेत. भाषणात गाडगेबाबांचं नाव हवंच, कारण राज्याचं ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 पासून त्यांच्याच नावाने चालतं. बाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, एवढा तपशील गाळावा. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो.

ट्री गार्डवर सौजन्याची पाटी ठळक रंगवावी. आतलं रोप मे महिन्यात जळालं तरी बाहेरचं नाव टवटवीत राहतं. ऑइलपेंटला पाणी लागत नाही.

एवढं करूनही कुणाला खरोखर झाडं जगवायची हौस असेल, तर ग्रामसभा वर्षातून किमान चारदा भरते. तिथे उठून विचारावं: टँकरचं बिल कुणाच्या नावे? तीन उन्हाळे पाणी घालणार कोण? तारांखाली फांद्या छाटताना रोपं वाचवणार कोण? उत्तरं नावानिशी ठरावात लिहून घ्यावीत आणि संस्थेच्या ग्रामपंचायतीशी होणाऱ्या करारालाही तीच जोडावीत.

असं विचारणाऱ्याला पुढच्या उद्घाटनाचं निमंत्रण येत नाही. बरंच आहे, तेवढ्या वेळात दोन रोपांना पाणी घालून होतं.