सोन्याला जपा हो, सूनबाई

महाडात एखाद्या घरी दिवस गेल्याची बातमी पहिल्यांदा कुणाला कळते? नवऱ्याला, असं सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात ती आत्याबाईंना कळते, आणि आत्याबाईंना कळली की एसटी स्टँडपासून चवदार तळ्यापर्यंत कुणाला सांगायची राहत नाही. मग सल्लागार मंडळ बसतं. मंडळात डॉक्टर एकही नसतो, म्हणून ठराव पटापट आणि एकमताने होतात. पपई बंद. ग्रहणात सुरी-कात्री बंद. शहाळं सुरू, खोबरं सुरू, केशराचं दूध सुरू, कारण बाळ गोरं व्हायला हवं. आणि सरकारी दवाखान्यातून आणलेली ती लाल गोळी? ती फळीवर, डब्यांच्या मागे. ती घेतली की शौचाला काळं होतं. मग बाळ काळं होणार नाही कशावरून?

यातला तर्क भक्कम आहे. एवढा भक्कमपणा महामार्गाच्या कामात असता, तर मुंबई-गोवा रस्ता केव्हाच पुरा झाला असता. बाळाचा रंग आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो आणि तो हिशेब पहिल्याच दिवशी मिटलेला असतो. शौचाला काळं होतं ते अंगात न जिरलेल्या लोहामुळे. आशाताई हे घरोघर सांगत फिरते, पण 'तिला काय, सांगायचे पैसे मिळतात' म्हणून तिचं ऐकायचं नाही. आत्याबाई फुकट सांगतात, म्हणून ते खरं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्यावरची गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते आणि ती मोफत मिळते. चहाबरोबर घेतली तर नीट जिरत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर बरी जिरते. एवढं सोपं असल्यामुळेच बहुधा तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. रक्त उतरून सूनबाई पांढरीफटक पडली, जिना चढताना धापा टाकू लागली, की मंडळ समाधानाने मान डोलावतं, "बघा, केशर लागू पडलं! पोर कशी उजळली!"

ज्या गावात जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारं पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळलं गेलं, त्याच गावात आपण आता जन्माची वाटही बघत नाही. मूल पोटात असतानाच रंगावरून त्याची पायरी ठरवून मोकळे होतो. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये बाजारात आणलेल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' सुद्धा २०२० साली गेला. कंपनीला लाज वाटली. आत्याबाईंनी अजून तरी काही बदल जाहीर केलेला नाही.

असो. खरी गंमत सुरू होते पाचव्या-सहाव्या महिन्यात, सूनबाईच्या गालांवर वांग दिसू लागतो तेव्हा. संप्रेरकं वाढतात, त्यात ऊन लागतं, आणि कातडीतला रंग एकेका ठिकाणी दाटतो. पोटावर बेंबीपासून खाली काळी रेघ उमटते तीही याच कारणाने. दोन्ही गोष्टी बहुतेकींच्या बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिक्या होतात. पण मंडळाला काही महिने कुठले? सातव्यात डोहाळजेवण आहे. हिरवा शालू, फुलांचे दागिने, धनुष्यबाण, झोपाळा, अर्धा चंद्र, छातीवर 'मॉम टू बी'चा पट्टा, आणि ड्रोनवाला फोटोग्राफर. बर्फी की पेढा हे झाकलेल्या वाटीतून निघेपर्यंत दम धरता येतो. गालावरच्या डागाला मात्र एका दिवसाची सवलत नाही.

पहिली धाव मेडिकलमध्ये. तिथे डागाचं क्रीम मागितलं की काउंटरवरचा पोरगा डोळे मिटून एक ट्यूब काढतो. तिच्यात सहसा तिघं एकत्र नांदत असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन लावलेल्यापैकी बराच भाग कातडीतून रक्तात जातो, म्हणून गरोदरपणी नको. ट्रेटिनॉइन हे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातलं, म्हणून नको. याच कुळातली पुटकुळ्यांची कॅप्सूल, आयसोट्रेटिनॉइन, तर इतकी घातक की पोटातल्या बाळाचा मेंदू, हृदय आणि कान यांत व्यंग येऊ शकतं. ती दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधी थांबवावी लागते. राहिला स्टेरॉइड. तो आठवड्यात चेहरा उजळवतो, पुढच्या काही महिन्यांत कातडी पातळ करतो आणि सोडला की सूड घेतो. त्वचारोगतज्ज्ञांनी ओरड केल्यावर २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच क्रीमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठी आहे का, असं अजून कुणी विचारलं असेल तर त्या मेडिकलवाल्याचा गांधारीच्या पुलावर जाहीर सत्कार करायला हवा.

दुसरी वाट पार्लरची. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: गावातल्या पार्लरवाल्या ताई पुष्कळदा मंडळापेक्षा शहाण्या निघतात. "कितवा?" हे त्या आधी विचारतात आणि ब्लीचला स्वतःहून नाही म्हणतात. गरोदरपणी कातडी हळवी झालेली असते, चट्टा उठायला वेळ लागत नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग चालतं, फक्त नेहमीपेक्षा जास्त झोंबतं. साधं फेशियलही चालतं, पण शेवटच्या महिन्यांत तासभर पाठीवर उताणं झोपवलं तर पोटाच्या भाराने मोठी शीर दाबली जाते आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर वळवून, पाठीला उशी लावून टेकवावं. वाफेच्या खोलीत बसू नये. आणि कुणी त्वचेला चांगलं म्हणून सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायला निघालं, तर पहिल्या तीन महिन्यांत तरी जाऊ नये. अंग फार तापलेलं बाळाला मानवत नाही. काळी मेंदी सर्वांनीच टाळावी; तिच्यात मेंदी कमी आणि केसांच्या कलपाचं रसायन जास्त असतं. पानांची वाटलेली मेंदी हवी तेवढी काढा.

तिसरी वाट सर्वांत प्रतिष्ठेची. गणपतीला आलेली मुंबईची नणंद पर्समधून एक छोटी डबी काढते. वर मोत्यासारख्या बाईचं चित्र, खाली कुठलीतरी परदेशी लिपी. बनवणाऱ्याचं नाव नाही, घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही. "आमच्या सोसायटीत सगळ्या हेच लावतात, वहिनी. पंधरा दिवसांत फरक!"

फरक पडतो हे खरं. अकोल्याच्या एका घरात तो पडला होता. जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघीही ब्युटिशियनकडून आणलेलं एकच क्रीम लावत होत्या. चेहरे उजळले, आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला, परवानगीच्या कितीतरी पट. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत ही बातमी आली होती. आपण ती वाचली, हळहळलो, आणि त्याच कागदात भजी गुंडाळली.

पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस गोरा दिसतो. तोच पारा रक्तात उतरतो, मूत्रपिंड धरतो, आणि बाई पोटुशी असेल तर वारेतून बाळाकडेही जाऊ शकतो. टॉवेल, उशी यांवरून घरातल्या पोरांच्या हातालाही लागतो. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, मासळीत गेला, आणि स्वतःला फारसा त्रास न झालेल्या आयांच्या पोटी जन्मभराचं अपंगत्व घेऊन मुलं आली. तो पारा वेगळ्या प्रकारचा होता, पण गावाचं नाव पाऱ्याविरुद्धच्या जागतिक कराराला मिळालं. त्या करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५ नंतर पारा घातलेलं सौंदर्यप्रसाधन बनवायचं नाही आणि आणायचंही नाही. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही. नियम चोख आहे. डबी मात्र नियम वाचून पर्समध्ये शिरत नाही.

महाडकरांना रसायन नवीन आहे असंही नाही. सावित्रीच्या पाण्याला जरा वेगळा रंग आला की आपण एमआयडीसीच्या नावाने बोटं मोडतो, निवेदनं देतो, नमुने घ्या म्हणतो. बिरवाडीकडून वास आला तर कुठल्या कारखान्याचा, हेसुद्धा ओळखणारी नाकं इथे आहेत. नदीत काय सोडलं हे विचारणारं हे गाव सुनेच्या गालाला काय लावलं हे मात्र विचारत नाही.

काही पारायुक्त क्रीमच्या वेष्टनांवर एक सूचना सापडते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती मुद्दाम नोंदवून ठेवली आहे: सोनं, चांदी, ॲल्युमिनियम यांना हे क्रीम लागू देऊ नका. पारा सोन्यात मिसळतो, दागिना पांढरा पडतो. मंगळसूत्राची काळजी कंपनीने अगदी मनापासून घेतलेली असते. आणि आपल्या घरी ही सूचना नक्की पाळली जाईल याबद्दल माझ्या मनात शंका नाही. "सोन्याला जपा हो, सूनबाई," असं सासूबाई क्रीम लावतानाच सांगतील.

गालाच्या या गडबडीत एक गोष्ट राहून जाते, ती खाज. पोटाला खाज सुटली की मंडळ खूश होतं; बाळाला भरपूर जावळ आहे, ते टोचतं म्हणे. कातडी ताणली की खाज येतेच, त्याला खोबरेल पुरतं. ताणाचे व्रण कुठल्याच महागड्या तेलाने थांबल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा तिथेही खोबरेलच. पण शेवटच्या तिमाहीत अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटली, रात्री जास्त वाढली, तर जावळाचं कौतुक थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यकृताच्या पित्ताचा तो त्रास असू शकतो, रक्ततपासणीत कळतो आणि बाळाच्या जिवाला धोका करू शकतो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरून खाली यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, हे खरं. तरी यावं.

मग लावायचं काय? ते सांगितलं तर कुणी हे सदर वाचणार नाही, इतकं ते बेचव आहे. सौम्य साबण, खोबरेल, आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन. वांग फारच खुपत असेल तर डॉक्टरला विचारून ॲझेलाइक ॲसिड. रंगीत सनस्क्रीन वांगाला जास्त उपयोगी. त्यातला रंग आयर्न ऑक्साइडचा असतो, पण त्यात लोखंड आहे हे आत्याबाईंना कळू देऊ नका. याशिवाय छत्री. महाडात माणशी एक तरी असतेच, पावसाळा संपला की आपण ती खुंटीला टांगतो. ती एप्रिल-मेमध्येही उघडते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत असते. सूनबाई, येत्या ९ तारखेला जाल तेव्हा पिशवीत फाइल टाका, तोंडाला लावता ती प्रत्येक ट्यूब आणि नणंदेने दिलेली डबी टाका, आणि डॉक्टरांच्या टेबलावर सगळं मांडा. फळीवरच्या डब्यामागची लाल गोळी मात्र आज रात्रीच काढा. आणि आत्याबाई, तुम्हीही चला बरोबर. तुमचंही हिमोग्लोबिन तपासून घेऊ.