कानाशी कुजबुजतंय कोण?

“काकू, ऐकलंत का? आमच्या मागच्या खोलीतला मुलगा खोली सोडतो म्हणतोय.”

“का गं, भाडं वाढवलंस?”

“छे हो! सिलतऱ्याला कारखान्यात आहे, सारखी पाळी बदलते. परवा रात्रपाळी करून आला नि आडवा झाला. म्हणे, डोळे उघडे, वरचा पंखा दिसतोय, पण बोटसुद्धा हलेना. आधी कानात घूं घूं, मग धाडकन दार आपटल्यासारखा आवाज, मग खोलीभर पावलं. आणि शेवटी अगदी कानाशी कुजबुज. बाईचा आवाज!”

“आणि उताणा झोपला असेल, छातीवर दडपण आलं असेल.”

“अगोबाई! तुम्हाला कुणी सांगितलं?”

“जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला माझा. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात ना, त्या झोपेत मेंदू हातापायांना ढिलं सोडतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस पलंगावरून खाली यायचा. तेव्हा डोळे नि श्वास तेवढे चालू. फ्रान्सच्या मिशेल जूव्हे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांवर प्रयोग करून ही झोप उलगडली. आता अशात जाग आली, पण अंग काही सुटलं नाही, की झालं! दोन-चार मिनिटांत आपोआप सुटतं.”

“पण आवाज कुठून येतात?”

“मधल्या कानात दोन इवलेसे स्नायू असतात, त्यातला एक रिकिबीच्या हाडाला जोडलेला. हातपाय लुळे पडतात तेव्हा हे मात्र मधूनच आखडतात. १९७२ मध्ये झोपलेल्या माणसांच्या कानात हे मोजलंय. घूं घूं त्यातूनच येत असेल. त्यात तुझा तो कूलर रात्रंदिवस घरघरतोय. अर्धा मेंदू स्वप्नातच असतो, तो त्या घरघरीतून पावलं काढतो, बोलणं काढतो.”

“आणि ते धाडकन?”

“झोप लागता-सुटताना काहींना डोक्यात नुसताच स्फोट ऐकू येतो. अमेरिकेच्या वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी १८७६ मध्येच लिहून ठेवलंय. ना दुखत, ना खुपत, फक्त धडकी भरते.”

“मग बाईचाच आवाज का?”

“अंग हलेना म्हटल्यावर मेंदू घाबरून शोधतो, खोलीत आहे कोण? जे लहानपणापासून ऐकलं तेच सापडतं. न्यूफाउंडलंडच्या लोकांच्या छातीवर म्हातारी बसते, जपानी म्हणतात कुणी जखडून ठेवलं. आपल्याकडे मुंजा, नाहीतर इथे छत्तीसगडात टोनही, म्हणजे चेटकीण.”

“तेच तर! त्याने हरेलीच्या सणाला खोचतात तशी कडुनिंबाची डहाळी दारावर खोचलीये. आणि त्याची आई फोनवर म्हणाली, आजूबाजूला कुणी एकटी राहणारी बाई आहे का बघ.”

“हो का? या भिंतीपलीकडे एकटी कोण राहतं गं?”

“अय्या काकू… तुम्हीच की!”

“बघ, निघाली टोनही! हसू नकोस. खेड्यात अशाच एखाद्या शब्दावरून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढतात. म्हणून तर छत्तीसगडने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा केला. कुणाला नुसतं टोनही ठरवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या रायपूरचे डोळ्यांचे डॉक्टर दिनेश मिश्र हा टोनहीचा समज घालवायलाच गावोगाव फिरतात.”

“बाई गं! मग त्याला सांगू तरी काय?”

“सांग, कुशीवर झोप. पाळी कुठलीही असो, झोप पुरी कर. झोप तुटली की हे जास्त होतं. पुन्हा झालं तर धडपडू नकोस, संथ श्वास घे, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर. वारंवार व्हायला लागलं किंवा दिवसा बसल्याबसल्या झोप लागायला लागली, तर टाटीबंधला एम्समध्ये दाखवून ये.”

“खोली नका सोडू म्हणते मग.”

“म्हण. आणि त्याच्या आईला फोन लावून दे मला. सांगते, टोनही बोलतेय, पोराला जरा झोपू द्या.”